धाकटीचा हात

लेकीच्या घरी राहायला येऊन थोरलीला सात महिने झाले होते. तिसरा मजला, तीन खोल्या आणि रस्त्यावर उघडणारी हातभर रुंदीची गॅलरी. लेक आणि जावई सकाळी आठला कामाला बाहेर पडत, ते संध्याकाळीच उगवत. मधला अख्खा दिवस थोरलीच्या अंगावर यायचा.

त्याआधीची एकतीस वर्षं तिने आणि तिच्या जावेने मिळून शेळ्या पाळल्या होत्या. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, म्हणून ही थोरली आणि ती धाकटी. भाऊ पुढेमागे गेले, पण जावांचं काम थांबलं नाही. कामाची वाटणीही कुणी न करता झाली होती: थोरलीची नजर आणि धाकटीचा हात. कळप सुटताना थोरली दारात उभी राहून सांगायची, ''ती कानतुटकी बघ, वीस-एकवीस दिवस उलटले तरी पुन्हा माजावर आली नाही. गाभण ठरली म्हणायची.'' मग तिसरा महिना सरला की धाकटी त्या शेळीच्या पोटाखाली हात घालायची. उजव्या अंगाला, कासेच्या जरा पुढे. डोळे मिटून बसायची, आणि शेळीही गुमान उभी राहायची. ''दोन आहेत,'' धाकटी सांगायची, ''त्यातलं एक आळशी आहे.'' आळशी कोणतं ते पुढे कुणी तपासलं नाही, पण दोन म्हटली की दोनच निघायची.

मग गुडघे गेले. चरायच्या माळावर गोदामं उभी राहिली, आणि एका सकाळी सगळा कळप परक्याच्या गाडीत चढला. थोरली लेकीकडे आली. धाकटी तिच्या मुलाकडे गेली, दोन दिवसांच्या प्रवासावर.

फोन होता. पण फोनवर बोलायचं काय? दोघी जन्मभर एकमेकींशी शेळ्यांबद्दलच बोलल्या होत्या.

''जेवलीस?''

''जेवले. तू?''

''जेवले.''

मग दोन्हीकडून नुसते श्वास ऐकू यायचे, आणि दोघींपैकी एक म्हणायची, ''बरं, ठेवते.'' ठेवल्यावर थोरलीला वाटायचं, सांगायचं राहूनच गेलं. काय राहिलं ते मात्र सापडायचं नाही.

समोरच्या फुटपाथवर पंक्चरवाल्याचं दुकान होतं. पत्र्याची खोली, बाहेर टायरांची चळत, ट्यूब बुडवून बघायला पाण्याचं अर्धं पिंप. एके दिवशी त्या चळतीला एक तांबडी शेळी बांधलेली दिसली आणि थोरलीची खुर्ची खोलीतून गॅलरीत आली. वरून शेळीची पाठ आणि पोटाचे दोन्ही फुगवटे स्पष्ट दिसायचे. डावं पोट चरल्यावर भरतं आणि रवंथ झाली की उतरतं. पण हिचा उजवा फुगवटा सकाळी उपाशीपोटीही तसाच असायचा, खाली ओथंबलेला. पंधरा दिवस थोरलीने तो नुसता न्याहाळला. सोळाव्या दिवशी पंक्चरवाल्याने शेळीपुढे घातलेल्या पाल्यातला निम्मा काढून घेतला, तेव्हा मात्र तिच्याने राहवेना. कठडा धरत, दर मजल्यावर दम खात ती खाली उतरली.

''कुणाची आहे ही?''

''भावाची,'' पंक्चरवाला म्हणाला. तो पन्नाशीचा, बोलका, हात कायम काळे. ''तो कामासाठी बाहेर गेलाय, येईपर्यंत ही माझ्या गळ्यात. बसून खाते आणि फुगते. जाडी नाव ठेवलंय मी. आता चारा कमी केलाय.''

''जाडी नाही ती. गाभण आहे.''

तो हसला. ''आजी, माझ्याकडे आल्यापासून हिने बोकडाचं तोंड पाहिलेलं नाही. चार महिने होत आले. आधी घरामागे बांधायचो, आता दुकानात आणतो.''

''मग येतानाच घेऊन आली असेल. पाच महिने लागतात.''

पंक्चरवाल्याने शेळीकडे असं पाहिलं, जणू तिने ही गोष्ट त्याच्यापासून मुद्दाम लपवली होती. मग काढलेला पाला मुकाट्याने पुन्हा पुढे टाकला.

थोरली टायरवर टेकली आणि शेळीच्या पोटाखाली हात घातला. काहीच कळेना. ऊब, केस, आतली गुडगुड. एकतीस वर्षांत तिला ते स्वतः करायची वेळच आली नव्हती. तिने कमरेच्या पिशवीतून फोन काढला.

''धाकटे, इथे एक शेळी आहे,'' ती म्हणाली.

धाकटीने जेवलीस का विचारलं नाही. ''कितवा महिना?''

''चौथा संपत आला असेल. पण हाताला लागत नाही.''

''तू दाबत असशील. दाबू नकोस, अक्का. खालून उचलल्यासारखं कर आणि सोड. सोडलंस की हात तिथेच ठेवून थांब. तुला नेहमी घाई.''

थोरलीने उचललं, सोडलं आणि थांबली. रस्त्यावरून दोन गाड्या गेल्या. मग आतून एक टणक गाठ तरंगत आली आणि तळव्यावर टेकून मागे सरली.

''लागलं,'' ती हळूच म्हणाली.

''हं,'' धाकटी म्हणाली. ''आता रोज सांगत जा.''

त्या दिवसापासून थोरली रोज अकराला खाली उतरू लागली. पंक्चरवाल्याने तिच्यासाठी एक मोडकी खुर्ची दोरीने बांधून उभी केली. फोनवर बोलायला वेळ पुरेना. कास भरायला लागली का? लागली, पण सड अजून मऊ आहेत. खाते का? खाते, आणि माझ्या पदरालाही तोंड लावते. शेपटीच्या दोन्ही बाजूंच्या दोऱ्या बघितल्यास? बघितल्या, पेन्सिलीसारख्या ताठ आहेत. ''त्या विरघळल्या की चोवीस तासांत मोकळी होईल,'' धाकटी सांगायची, आणि थोरली म्हणायची, ''माहीत आहे गं मला,'' आणि तरी पुन्हा विचारायची.

एकदा बोलता बोलता धाकटीने मध्येच विचारलं, ''वास येतो का गं तिला?''

''येतो की.''

''माझा मुलगा फार स्वच्छ ठेवतो घर,'' धाकटी म्हणाली, आणि त्या दिवशी फोन तिनेच आधी ठेवला.

एका मंगळवारी सकाळी थोरलीने गॅलरीतून पाहिलं तर पाला तसाच पडलेला. शेळी पुढच्या पायाने जमीन उकरत होती. बसायची, उठायची, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायची आणि कुणाशी तरी बोलल्यासारखं हळू घुमायची. कास तट्ट फुगून चकाकत होती. थोरली त्या दिवशी कुठल्याही मजल्यावर थांबली नाही. खाली जाऊन शेपटीच्या मुळाशी बोटं लावली. दोऱ्या नव्हत्याच. बोटं लोण्यात रुतावीत तशी आत गेली.

''शटर अर्धं ओढ,'' ती पंक्चरवाल्याला म्हणाली. ''स्वच्छ गोणपाट, साबण, कोमट पाणी आण. आणि खायचं तेल.''

''एक गिऱ्हाईक थांबलंय, आजी.''

''त्याला म्हणावं, आज ढकलत ने.''

बाराच्या सुमारास कळा जोरात सुरू झाल्या. पाण्याची पिशवी आली आणि फुटली. मग एक खूर दिसला आणि त्याच्यावर नाक. दुसरा खूर येईना. शेळी पाय ताणून ओरडत होती, अर्धा तास गेला, तरी चित्र बदललं नाही.  थोरलीने पंक्चरवाल्याला फोन लावून धरायला सांगितला.

''एकच पाय आहे!'' ती ओरडली. फोन हातभर लांब होता.

''पुढचा?''

''पुढचाच. नाक पण आहे.''

''मग दुसरा मागे दुमडलाय. हात घाल.''

''माझा हात जाड आहे, धाकटे. हे तुझं काम.''

 धाकटी शांतपणे म्हणाली, ''मी तिथे नाही, अक्का. तूच कर. कोपरापर्यंत हात धू, तेल लाव. कळ ओसरू दे. आता डोकं जरासं आत लोट. मानेवरून खांद्यावर ये. खांद्यावरून गुडघा सापडेल. सापडला?''

''थांब.'' थोरलीने डोळे मिटले. ''सापडला.''

''खूर तळव्यात झाक, म्हणजे आत ओरखडा येणार नाही. मग पुढे आण. ओढायचं ते कळेबरोबर, खालच्या दिशेने.''

खूर आला. पुढच्या कळेला करडू सपकन गोणपाटावर पडलं, पिवळट, चिकट आणि निपचित. थोरलीने नाकातोंडातला चिकटा पुसला आणि छाती गोणपाटाने खसाखसा चोळली. ते शिंकलं. पंधरा मिनिटांनी दुसरं आलं, पायाळू, मागचे पाय आधी, पण कुणाला काही करायची वेळ न आणता. शेळी दोघांना आळीपाळीने चाटू लागली. पंक्चरवाला फोन धरून मटकन टायरवर बसला होता.

''किती?'' फोनमधून आवाज आला.

''दोन.'' थोरलीने शेपट्या उचलून नर-मादी पाहिली. ''एक पाट, एक बोकड.''

''वार पडली?''

''नाही अजून.''

''ओढू नकोस.''

''मला शिकवतेस?'' थोरली म्हणाली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिला पदर डोळ्यांना लावावा लागला. पलीकडे धाकटीही नाक ओढत होती. तासाभराच्या आत दोन्ही करडांनी चीक प्यायला, वार आपोआप पडली, तरी फोन चालूच होता.

पुढचा महिनाभर थोरलीची सकाळ कशी जायची ते तिला कळायचंही नाही. मग एका दुपारी पंक्चरवाल्याचा भाऊ आला. चांगला माणूस होता. त्याने थोरलीच्या पाया पडून आभार मानले, शेळी आणि दोन्ही करडं टेम्पोत चढवली आणि घेऊन गेला. ती त्याचीच होती.

''खुर्ची राहू दे इथे,'' पंक्चरवाला म्हणाला. ''येत जा.''

थोरली वर आली. संध्याकाळी फोन वाजला.

''काय म्हणतात पोरं?'' धाकटीने विचारलं.

थोरलीने गॅलरीतून खाली बघितलं. टायरांची चळत होती, पिंप होतं. ''उड्या मारतात,'' ती म्हणाली. ''पाट उठसूट टायरांवर चढते. आज पिंपात पडता पडता वाचली.''

''आणि बोकड?''

''तो आळशी आहे.''

''मला वाटलंच होतं,'' धाकटी म्हणाली.

थोरलीला खोटं बोलायची सवय नव्हती. त्या रात्री तिला ते जेवणात खड्यासारखं लागत राहिलं, आणि तिने ठरवलं की उद्या खरं सांगून टाकायचं. दुसऱ्या दिवशी धाकटीने विचारलं, पाला खायला लागली का, आणि थोरली म्हणाली, कोवळा कोवळा निवडून खातात. त्याला आता पाच महिने झाले. करडं दुधावरून सुटली, बोकडाला शिंगं फुटली, पाटीने एका गिऱ्हाइकाची टोपी खाल्ली. धाकटीला यातलं किती खरं वाटतं, हे थोरलीने कधी विचारलं नाही.

काल धाकटीने विचारलं, ''पाट माजावर आली का गं?''

थोरलीने बोटांवर महिने मोजले.

''सहा महिन्यांची झाली,'' ती म्हणाली. ''येईल आता. पण पहिला माज सोडून देऊ या. अजून लहान आहे.''

''हो,'' धाकटी म्हणाली. ''घाई कशाला.''