काळ्या पोवळ्याची पूड

सलामाकाकांनी बरणी टेबलावर ठेवली. "डॉक्टरबाई, फाइझाला रोज दोन चमचे देतोय. तीन दिले तर चालतील?"

रिहामने झाकण उघडलं. आत काळी पूड. लाल समुद्राकाठच्या हुरघाडा शहरातल्या या प्रयोगशाळेसाठी बारा वर्षं काकाच चाळीस मीटर खोल बुडी मारून काळं पोवळं आणत होते. त्यातली स्टेरॉलं नावाची रसायनं वेगळी काढायचं काम रिहामचं.

"आणि बायकोची, केना शहरातल्या कर्करोग इस्पितळातली इंजेक्शनं?"

"महिना झाला बंद करून. त्यानं ती जेवेना. हे तर तुमचंच औषध." काकांनी खिशातून कात्रण काढलं. प्रयोगशाळेचे प्रमुख प्रोफेसर वगदी यांचा हसरा फोटो, वर मथळा: आपल्या समुद्रात कर्करोगावर इलाज. "जडीबुटीवाला हीच पूड विकतो, त्यानं भिंतीवर लावलंय."

रिहामची कानशिलं तापली. काकांचा दंड धरून ती थेट वगदींच्या खोलीत शिरली.

"सर, आपण काय शोधलं ते यांना सांगा."

वगदींनी कात्रण पाहिलं. "मी फक्त आशा आहे म्हणालो होतो. मथळा पेपरवाल्यांचा."

"मग खुलासा का नाही पाठवला?"

"त्या बातमीमुळेच नवं यंत्र मंजूर झालं, रिहाम. जरा समजून घे."

"मग मीच सांगते. काका, तुमच्या सहा किलो पोवळ्यातून मला नऊ मिलिग्रॅम स्टेरॉल मिळालं. चिमूटभरसुद्धा नाही. काचेच्या बशीतल्या कर्करोगाच्या पेशींवर टाकलं, थोड्या मेल्या. त्या व्हिनेगरनंही मरतात. माणसाला आम्ही ते कधीच दिलेलं नाही."

काका वगदींकडे वळले. "दर खेपेला चहा पाजलात, साहेब. एकदा तोंड उघडलं असतंत."

त्याच दुपारी रिहामने फाइझाला गाडीत घालून केनाला नेलं. गाठ यकृतात पोचली होती. "उशीर केलात," डॉक्टर म्हणाले आणि इंजेक्शनं पुन्हा सुरू केली.

दुसऱ्या दिवशी रिहामने स्वतःच्या नावानं पेपरला खुलासा पाठवला. वगदींनी तिला नव्या प्रकल्पातून काढलं. काकांनी प्रयोगशाळेसाठी बुडी मारणं सोडलं.

मग ती जडीबुटीवाल्याकडे गेली आणि भिंतीवरचं कात्रण टराटरा फाडलं.

"बाई, माझ्याकडे अजून प्रती आहेत," तो शांतपणे म्हणाला.

ती दारातच उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तिने नऊ मिलिग्रॅमचा हिशेब सांगितला. तासाभरात त्याने शटर ओढलं. दुसऱ्या दिवशी त्याने दुकान उघडलं, तेव्हा ती पायरीवर बसलेली होती.