शुक्रवारी ती आली होती

मित्रांनो, मी एका बँकेचे जुने पासबुक आहे. माझे कोपरे दुमडले आहेत आणि पहिल्या पानावरचा सत्यशीलाबाईंचा फोटो पिवळा पडला आहे. बाई नगरजवळच्या भिंगारच्या लष्करी छावणीत शिवणकाम करतात. जवानांच्या वर्दीवर नावाच्या पट्ट्या शिवायच्या, पँट आखूड करायच्या, हे त्यांचे काम.

छापखान्यातून निघाले तेव्हा मी कोरे होते. मग दर महिन्याला बाई मला घेऊन बँकेत येऊ लागल्या. कधी पाचशे, कधी दोन हजार. मुलीला, रश्मीला, नर्सिंगला घालायचे होते. काउंटरवरचे योगेशसाहेब मला छापून देताना म्हणायचे, "मावशी, तुमच्यासारखं नेटकं खातं इथं कुणाचं नाही." मला फार अभिमान वाटे.

एका शुक्रवारी दुपारी बाईंना फोन आला. 'वीजबिल थकले आहे, आज लाइन कापणार.' घाबरून बाईंनी फोनवरच्या माणसाने सांगितलेले ॲप मोबाईलवर घेतले आणि खात्यातून वीस हजार गेले. शिवण तशीच टाकून त्या अर्ध्या तासात बँकेत आल्या. मी त्यांच्या मुठीत होते.

"साहेब, माझं खातं बंद करा. चोरानं पैसे काढले."

योगेशसाहेबांनी मला हातात घेतले, उलटले आणि परत दिले. "मावशी, सिस्टीम बंद आहे. सोमवारी लेखी अर्ज घेऊन या."

"आन् तवर?"

"काही होत नाही हो."

फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा, असा फलक त्यांच्या मागच्या भिंतीवर होता. त्याकडे कुणी बोट दाखवले नाही.

शनिवार-रविवार बँक बंद होती. त्या दोन दिवसांत आणखी चाळीस हजार गेले.

सोमवारी मॅनेजरांनी नियम वाचून दाखवला. ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. कळवल्यानंतर गेले, तर बँकेचे.

बाईंचा चेहरा उजळला. "मग चाळीस हजार तुमच्याकडं. मी शुक्रवारीच आल्ते की! योगेशसाहेबांला इचारा."

योगेशसाहेब स्क्रीनकडे बघत म्हणाले, "आठवत नाही, सर. रोज शंभर लोक येतात."

मित्रांनो, मी तिथेच होते. पण बँकेत कोण आले, काय बोलले, हे माझ्यावर छापत नाहीत. माझ्यावर फक्त पैसे छापतात.

बाईंनी वर तक्रार केली. चार महिन्यांनी उत्तर आले, 'सोमवारपूर्वी कळवल्याचा पुरावा नाही.' त्याच काळात रिकाम्या खात्यातून शिलाई मशीनचा हप्ता वटला नाही, म्हणून बँकेने दंड कापला. शिल्लक कमी म्हणून आणखी कापले. दंडावर कर लावला. रश्मीच्या फीसाठी बाईंनी उसने आणून तीन हजार भरले, त्यातलेही आधी दंडाकडे गेले. चोर तर मला दिसला नाही, हे दंड मात्र माझ्या अंगावर ठळक शाईत आहेत.

"चोराला तरी तोंड लपवावं लागलं," बाई काउंटरवर म्हणाल्या. "तुमी तर पावती दिऊन घेता."

योगेशसाहेबांनी मागच्या माणसाचे पासबुक मागितले.

प्रवेशाची तारीख निघून गेली. रश्मी आता शिर्डीत एका प्रसादाच्या दुकानात पेढ्यांचे पुडे बांधते. बाईंनी खाते बंद केले आणि माझ्यावर आडवा शिक्का बसला.

मुलांनो, पासबुक जपलेत, नीट कव्हर घातलेत, तेवढ्याने भागत नाही. तोंडी सांगून घरी जाऊ नका. दोन ओळी लिहा आणि सही-शिक्क्याची पोच हातात पडल्याशिवाय काउंटर सोडू नका. आणि तुमच्यापैकी कुणी उद्या बँकेत काचेच्या आत बसलेच, तर मॅनेजरांनी विचारल्यावर एवढेच खरे सांगा, "होय, शुक्रवारी ती आली होती."