आप्पांच्या बोटीचं नमन

'ब्लू लँटर्न लाइनची एकही बोट कधी बुडली नाही,' हे आप्पांनी वाडीत इतक्यांदा ऐकवलं होतं, की त्यांना येताना बघून कुत्रीसुद्धा वाट बदलत. आप्पा बोटीच्या इंजिनरूममधून निवृत्त झालेले. त्यांचे पणजोबा याच जहाज कंपनीच्या बोटींवर कोळसा ओढायचे. पोटासाठी देश सोडून अमेरिकेला निघालेली गोरी माणसं त्या बोटी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी भरभरून न्यायच्या. "म्हणजे चाकरमानीच की!" असं कुणी म्हटलं, की आप्पा खूश व्हायचे. पुढचं ऐकायला मात्र कुणी थांबायचं नाही.

यंदा नशीब उघडलं. शिमग्यानंतरच्या खेळांसाठी वाडीच्या नमन मंडळाकडे नवा वग नव्हता. आप्पांनी नवे मृदंग कबूल केले आणि मंडळाचा म्होरक्या काशीराम लाइनीचा इतिहास वगात घ्यायला तयार झाला.

"पण नमन म्हंजे नमन," तो म्हणाला. "गणपती, गवळणी, संकासुर, सगली आली पायजेत."

म्हणून लिव्हरपूलच्या धक्क्यावर आधी गणपती नाचला. मग गवळणी डोक्यावर मडकी घेऊन तिसऱ्या वर्गाने अमेरिकेला निघाल्या. कृष्णाचा सवंगडी पेंद्या बंदरावरचा डॉक्टर झाला आणि एकेकीचे डोळे तपासून दह्याची जकात मागू लागला. आप्पांनी हे सगळं गिळलं. बोट सुखरूप पोचली म्हणजे गंगेत घोडं न्हालं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

तेवढ्यात संकासुर राक्षसाची उंच टोपी सावरत काशीराम त्यांच्या कानाशी आला. "आप्पा, बोट बुडवताव."

"अरे, ती कधी बुडलीच नाय!"

"मग इतिहासात राम काय? पब्लिक त्याच्यासाठीच बसलाय."

संकासुराने अंगावर पांढरी चादर घेतली आणि तो हिमनग झाला. निळं कापड हलू लागलं. बांबूच्या बोटीत उभा असलेला कप्तान, म्हणजे मुंबईहून आलेला गौरव, गुडघे वाकवत बुडू लागला. शिट्ट्या पडल्या. पणजोबांना कुणी डोळ्यांदेखत पाण्यात ढकलतंय असंच आप्पांना वाटलं.

"काशीराम!" पुढच्या रांगेतून गोदूबाई कडाडल्या. त्यांचा विठू तेलाच्या जहाजावर होता. "माजा पोर पाण्यावर हाय, नि तू हितं बोट बुडवतंस?"

वाडीतल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी बोटीवर. बघता बघता बायका पदर खोचून रंगमंचावर चढल्या. हिमनगाच्या पाठीत धपाटा बसला आणि तो पडद्यामागे पळाला. बायकांनी बांबू धरले आणि कप्तानासकट बोट ओढत न्यूयॉर्कला नेऊन लावली. मृदंगवाल्यांना त्यांच्याबरोबर ताल धरताना घाम फुटला.

टाळ्या थांबल्या तसे सगळे आप्पांकडे बघू लागले. इतके कान त्यांना जन्मात मिळाले नव्हते. डोळे पुसत त्यांनी माईक हातात घेतला.

"मंडळी, या लाइनीची एकही बोट आजवर..."

गोदूबाईंनी धावत येऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "गप ऱ्हावा, आप्पा! दिष्ट लागंल."

लाइन बंद पडून जमाना झाला होता. तरी आप्पा मुकाट्याने खाली बसले.