बोलता येईल एवढाच वेग

“बोल ना! गप्प का झालीस? मग तुझा साहेब काय म्हणाला?”

“ताई... दम... दम लागलाय गं...”

“लागला ना? मग हळू कर. गोष्ट मधेच तुटली म्हणजे वेग जास्त झाला. चल, पहिल्यापासून सांग.”

धाकटीनं कपाळाला आठ्या घातल्या, पण पायडलवरचा जोर कमी केला. तिच्या मनगटावरच्या घड्याळात हृदयाचे ठोके दाखवणारा आकडा हळूहळू खाली उतरला. तो खाली आल्याशिवाय ताई पुढचा शब्द बोलू द्यायची नाही. सहा महिने हेच चाललं होतं. धाकटी आली होती वेग वाढवायला आणि ताई तिला गोगलगायीच्या शर्यतीला तयार करत होती.

“दमानं चालव,” ताई म्हणायची. “हृदयाला आधी हळू कामाची सवय लागू दे. वेग मग आपल्या पायांनी घरी येतो.”

“येईपर्यंत मी म्हातारी होईन.”

“झालीच आहेस. आता काय व्हायचंय?”

धाकटी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात इस्त्रीवर होती. ओल्या चादरीची दोन टोकं दोन बायकांनी धरायची, ताणायची आणि तापलेल्या रोलरच्या तोंडात द्यायची. दिवसभर वाफेत उभं राहून तिच्या पायांचे खांब व्हायचे. तरीही रविवारी सकाळी ती सायकल काढायची. नवरा दारात उभा राहून विचारायचा, “पाय मोडून घेतलास तर घरचं कोण बघणार?” पाय मोडला तर दुखेल का, हे त्यानं कधी विचारलं नाही. शेजारणी तिच्या घट्ट पँटकडे बघून तोंडाला पदर लावायच्या. बाईनं घाम गाळावा तो घरासाठी. स्वतःसाठी गाळला की साऱ्या गल्लीच्या पोटात दुखतं. दुखू दे. औषध त्यांचं त्यांनी घ्यावं.

ताईचं तसं नव्हतं. ती पाणीखात्यात मीटर वाचायची, गल्लोगल्ली सायकलवरूनच फिरायची, त्यामुळे तिला हसायची कुणाची छाती नव्हती. धाकटीला सायकल शिकवली तीही तिनंच. शिकवली आणि पुढे निघून गेली. तेव्हापासून धाकटीनं जन्मभर ताईचं मागचं चाक पाहिलं. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या चढावर तर ते चाक वळणाआड दिसेनासंच व्हायचं. ताई कधी थांबली नाही. वर पोचल्यावर “आलीस का बाळ?” एवढंच विचारायची. पन्नाशीला टेकलेल्या बाईला बाळ!

धाकटीला जगात कुणाला हरवायचं नव्हतं. फक्त एकदा ताईच्या आधी टाकीपाशी पोचायचं होतं. खरंखुरं. एकदाच.

त्या रविवारी ताई स्वतःच म्हणाली, “आज गोष्टी बंद. आज चढ. जीव लावून.”

चढ सुरू झाला आणि धाकटीचं तिलाच नवल वाटलं. पाय जड होते, पण छातीत तो जुना गोंधळ नव्हता. श्वास लांब येत होता. पहिल्या वळणावर ती ताईच्या चाकाला लागली. दुसऱ्या वळणावर शेजारी आली. आता फक्त पुढे व्हायचं.

तेवढ्यात तिची नजर ताईच्या मनगटावरच्या तसल्याच घड्याळावर गेली. तिथला आकडा शंभराच्याही खाली होता. धाकटीचा दीडशेच्या पलीकडे गेलेला.

ती एकदम पेटली.

“तू मुद्दाम मागं राहतेयस!”

ताई रस्त्यावरची नजर न काढता पायडल मारत राहिली.

“आकडा दिसतोय मला! फिरायला निघाल्यासारखी चालवतेयस तू. मला काय खेळणं देतेस? रडते म्हणून? नको मला तुझं दान!”

“अगं... तसं... नाही...”

तीन शब्द, तेही तुटलेले. धाकटीनं पहिल्यांदा घड्याळ सोडून ताईकडे पाहिलं. ओठ पांढरे. मानेच्या शिरा वर आलेल्या. मूठ हँडलवर अशी आवळलेली, जणू कुणी ते हिसकावून नेतंय.

“ताई, उतर. आधी उतर खाली!”

दोघी कडेला थांबल्या. ताईनं सायकलच्या दांडीवर कपाळ टेकलं. श्वास जरा बसल्यावर म्हणाली, “गोळी चालू आहे मला. ठोके वाढूच देत नाही ती. मी मेले तरी हा आकडा असाच गुणी बाळासारखा बसून राहील.”

“कधीपासून?”

“थंडीच्या आधीपासून. हृदयाची लय बिघडली होती. डॉक्टर म्हणाला, सायकल चालवा, पण दम लागला तर उतरा.”

धाकटीच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. “म्हणजे ते दमानं, दमानं...”

“मला तेवढंच झेपत होतं. एकटीनं हळू चालवायची लाज वाटायची गं. म्हटलं, तुला वेगवान करावं. तुझं काम होईल आणि माझं झाकलं जाईल.” ताई हसली. “दान कसलं? तूच मला सहा महिने सोबत दिलीस. आणि आत्ता माझ्यात होतं नव्हतं तेवढं मी लावलं होतं. तरी आलीस तू बरोबरीला.”

धाकटीला रडू फुटणार होतं. तिनं सायकल वळवली. “चल घरी. झालं आपलं.”

“घरी?” ताईचा आवाज अचानक मीटर वाचतानासारखा कोरडा झाला. “तू थांबलीस तर मी आजारी आहे, असा अर्थ होतो. तू गेलीस तर मी फक्त मागे राहिले. कळतंय का? जा.”

“आणि तू?”

“मी येते चालत. सायकल धरून, रमतगमत. मला रस्ता माहीत आहे, तुझ्या आधीपासून. निघ म्हणते ना!”

धाकटी निघाली. डोळ्यांतल्या पाण्यानं रस्ता धूसर झाला होता, पण पाय थांबले नाहीत. पुढे कुणाचंच चाक नव्हतं. सगळा चढ मोकळा. जन्मभर हेच मागितलं होतं आणि मिळालं तेव्हा फार रुंद वाटला तो रस्ता.

टाकीपाशी ती सायकलवरून उतरली आणि खाली बघत उभी राहिली. बऱ्याच वेळानं वळणावर ताई दिसली. सायकल ढकलत, थांबत, पुन्हा ढकलत. ओरडून धीर द्यावा असं धाकटीच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

ताई शेवटच्या तुकड्याला लागली, तोंड उघडं टाकून श्वास ओढत. मग धाकटी वळली आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिली. टाकीच्या भिंतीवरचा रंग जागोजागी सुटला होता. मागे ताईचा श्वास पुरता बसेपर्यंत ती तो रंग मन लावून बघत राहिली.