हौसाबाईंनी दुरुस्त केलेला पाठ

मी एक जुना पाठ आहे, मित्रांनो. अख्खे पुस्तक नव्हे, पुस्तकातला फक्त एक पाठ. घटक चौथा, 'मीठ कसे तयार होते'. अकरा पाने, चार चित्रे आणि शेवटी स्वाध्याय, एवढाच माझा पसारा. दूरशिक्षण देणाऱ्या ठाण्याच्या एका विद्यापीठात 'आपल्या परिसरातील उद्योग' नावाचा विषय आहे, त्यात मी शिकवला जातो. नोकरी आणि संसार सांभाळून जे शिकतात, ज्यांना रोज वर्गात बसणे जमत नाही, त्यांच्या घरी मी टपालाने पोहोचतो. त्यांच्या मोबाइलवरही मी दिसतो. माझे वय आठ वर्षे. पाठाच्या मानाने हे वय चांगलेच पिकलेले समजतात, म्हणून स्वतःला जुना म्हणवून घ्यायचा मला हक्क आहे.

माझा जन्म मात्र ठाण्याचा नाही. कच्छच्या रणाच्या कडेला राहणाऱ्या एका शिक्षकांनी मला गुजरातीत लिहिले. सुट्टीच्या दिवशी ते मीठ पिकवणाऱ्यांच्या झोपडीत जाऊन बसत, त्यांच्याबरोबर चहा पीत आणि पाहिलेले तेवढेच लिहीत. रणातले लोक जमिनीत विहीर खणतात, तिच्यातले खारे पाणी पंपाने उपसतात आणि वाफ्यांत सोडतात. तसेच त्यांनी लिहिले. मी अक्षर न् अक्षर खरा होतो. लिहून झाल्यावर त्या भल्या माणसाने मला मुक्त परवाना देऊन टाकला. मुक्त परवाना म्हणजे हा पाठ कुणीही न्यावा, फुकट वाटावा, आपल्या गरजेप्रमाणे बदलावा, मूळ लेखकाचे नाव तेवढे राहू द्यावे. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पुढे माझ्यावर जी वेळ आली, तीतून मी वाचलो तो याच परवान्यामुळे.

तीन वर्षांनी मी ठाण्याला आलो. वर्तकनगरला राहणाऱ्या सुमेधा मॅडम विद्यापीठात या विषयाचे काम पाहत. त्यांना दोन महिन्यांत सहा पाठ तयार करायचे होते आणि लिहायला माणसे मिळत नव्हती. शोधता शोधता त्यांना मी सापडलो. संगणकाने माझा मराठी अनुवाद केला आणि मग मॅडमनी आठवडाभर बसून माझी भाषा सरळ केली. खूप कष्ट घेतले त्यांनी माझ्यावर. विद्यापीठाची सूचना होती की बाहेरून घेतलेले साहित्य स्थानिक करून घ्यावे. मॅडमनी तेही केले. जिथे रण होते तिथे ठाण्याची खाडी आली. जिथे कच्छमधल्या गावांची नावे होती तिथे दिवा आणि कळवा आले. पाठातल्या मीठ पिकवणाऱ्या रमणिकभाईंचे नाव मारुती झाले. नावगाव सगळे बदलले, पण विहीर आणि पंप जसेच्या तसे माझ्याबरोबर खाडीकाठी येऊन बसले.

खरे सांगायचे तर मला काहीच खटकले नाही. नवे कपडे घातलेल्या पोरासारखा मी मिरवत होतो.

मग गुणवत्ता तपासणी झाली. मॅडम धरून पाच जणांची समिती, समोर बत्तीस चौकटींचा तक्ता. समितीचे प्रमुख होते त्र्यंबक सर, भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक, शिस्तीचे एकदम कडक. परवाना आहे? आहे. मूळ लेखकाचे नाव? आहे. अक्षर वाचण्याजोगे? चित्रे स्पष्ट? स्वाध्याय? सगळीकडे बरोबरच्या खुणा पडत गेल्या. सतराव्या चौकटीत विचारले होते, 'मजकूर परिसराशी जुळतो का?' पान उघडले तर दिवा दिसले, कळवा दिसले, खाडी दिसली. तिथेही मॅडमनी खूण केली. सरांना वाटले, मॅडमनी पाहिले असेल. मॅडमना वाटले, सर भूगोलाचे आहेत, ते पाहतीलच. मला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्या दिवशी एकानेही वाचले नाही. "देखणा झालाय हो पाठ," सर म्हणाले आणि सगळे बटाटेवड्यांकडे वळले.

त्यानंतरची पाच वर्षे माझ्या कौतुकाची. दुसऱ्या दोन केंद्रांनी मला उचलले. विद्यार्थी मला पाठ करत आणि स्वाध्यायात मुकाट्याने लिहीत की ठाण्याच्या खाडीकाठी विहिरी खणून मीठ पिकवतात. त्यांना पुरे गुण मिळत. मित्रांनो, आज ते आठवले की मला मान वर करवत नाही.

पाचव्या वर्षी माझी एक प्रत दिव्याला गेली, कल्पिताच्या घरी. कल्पिता अंगणवाडीत सेविका होती. सकाळी वीस-पंचवीस पोरांना सांभाळायचे, दुपारी घरोघरी जाऊन वजने घ्यायची आणि उरलेल्या वेळात माझ्यासारख्यांची पाने उलटायची, असा तिचा दिवस. तिला अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेच्या परीक्षेला बसायचे होते. त्यासाठी पदवी हवी होती आणि वयाच्या अटीप्रमाणे हे तिचे शेवटचे वर्ष होते. यंदा पदवी हातात पडली तर ठीक, नाहीतर ते दार कायमचे बंद.

तिने मला दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा विहिरीपाशी ती अडली. तिच्या सासूबाई, हौसाबाई, तरुणपणी बावीस हंगाम मिठागरात राबलेल्या. त्यांच्याकडून तिने वेगळेच ऐकले होते. शेवटी स्वाध्यायात 'आपल्या खाडीकाठी मिठागरात पाणी कसे घेतात?' या प्रश्नाला तिने सासूबाईंनी सांगितलेले उत्तर लिहिले. उधाणाच्या भरतीचे पाणी, बांधातली फळी, वाफे, ऊन. दोन पाने भरून लिहिले.

उत्तरपत्रिका तपासायला गेली ती नेमकी त्र्यंबक सरांकडे. सरांच्या हाताशी माझ्याबरोबर आलेले नमुना उत्तर होते. त्यात विहीर होती, पंप होता. कल्पिताच्या उत्तरात दोन्ही नव्हते. सरांनी लाल पेनाने शून्य काढले आणि खाली लिहिले, 'पाठ नीट वाचा.' त्या एका शून्याने कल्पिता तीन गुणांनी नापास झाली.

रविवारी अभ्यासकेंद्रावर ती सरांना भेटली. मी तिच्या पिशवीत होतो, सगळे ऐकत होतो.

"सर, मी पाठ वाचलेला. दोनदा वाचलेला. पण आमच्याकडे असं नसतं. माझ्या सासूबाई स्वतः मिठागरात होत्या."

"अहो बाई, तुमच्या सासूबाई परीक्षक नाहीत. छापलेलं आहे ते पाच जणांनी तपासलेलं आहे. पाठात आहे तेच लिहायचं असतं."

"पण सर, ते चुकलेलं असेल तर?"

सरांनी पुढच्या विद्यार्थ्याला आत बोलावले. मला वाटले, ओरडून सांगावे की बाई खरे बोलते आहे, खोटा मी आहे. पण पाठाला तोंड नसते. त्याला कुणीतरी वाचावे लागते.

कल्पिता मात्र गप्प बसली नाही. तिने फेरतपासणीचा अर्ज लिहिला आणि रजा टाकून सुमेधा मॅडमच्या टेबलापर्यंत नेऊन दिला. मॅडमनी आधी माझीच बाजू घेतली. असा चांगला पाठ, पाच वर्षे चाललेला, त्यात काय चूक असणार? पण मनात कुसळ टोचत राहिले. त्यांनी गुजरातीतला मूळ पाठ उघडला, शेजारी मला ठेवले, आणि मग जुना तक्ता काढला. सतराव्या चौकटीपुढे त्यांचीच खूण होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी कल्पिताला फोन केला. "तुमच्या सासूबाईंना भेटता येईल का?"

दिव्याच्या जुन्या गावात हौसाबाईंचे घर आहे. ओट्यावर पाण्याचे निळे पिंप ओळीने मांडलेले. पाणी एक दिवसाआड येत असे, तरी मॅडमच्या हातात काठोकाठ भरलेला तांब्या आला. हौसाबाईंना लिहिता-वाचता येत नाही. म्हणून कल्पिता मला मोठ्याने वाचू लागली. मित्रांनो, ठाण्याला आल्यापासून मला पहिल्यांदाच कुणीतरी सुरुवातीपासून मोठ्याने वाचत होते आणि कुणीतरी कान देऊन ऐकत होते. मला भरून आले.

तिसऱ्या पानावर हौसाबाईंनी हात वर केला. "थांब गो कल्पे. बाव? आगरान बाव कोन खनतंय? आख्खी खारी बाजूला हाय, तं बाव कनाला?"

"खाडी बाजूला असली तरी विहीर असंच छापलंय आई," कल्पिता म्हणाली.

"छापलाय त्याला मी काय करू?" हौसाबाई मॅडमकडे वळल्या. "ऐक बाय. पुनवंला, अमुशेला उधान येते. तवां बांधाची उघारी उघराची, पानी आत घेवाचा, न उघारी बंद कराची. मंग ऊन त्याचा काम करतंय. पंप न् बिंप काय नाय."

उघारी म्हणजे उघाडी, बांधातली लाकडी फळीची वाट. मॅडम भराभर लिहून घेत होत्या. पुढे वाफ्याची जमीन कशी तयार करतात ते आले, तेव्हा हौसाबाईंना सांगून समाधान होईना. अडुसष्ट वर्षांच्या त्या बाई सुनेच्या खांद्यावर हात टेकून उठल्या आणि अंगणात पाय आपटत चिखल कसा तुडवायचा ते करून दाखवू लागल्या. एक पाय, दुसरा पाय, टाच आधी. शेजारच्या बायका हसायला लागल्या, पण त्यातल्या दोघी पदर खोचून त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांचेही पाय त्याच ठेक्यात पडू लागले. मॅडमनी लिहिणे थांबवले आणि नुसत्या पाहत राहिल्या. त्या दुपारी माझ्या अकरा पानांत चौदा चुका निघाल्या.

मी दुसऱ्या कुणाच्या मालकीचा असतो, तर परवानगीसाठी पत्रे लिहीत वर्ष गेले असते आणि तोवर कल्पिताची संधी हातची गेली असती. पण माझ्या पहिल्या मालकाने मला बदलायची मोकळीक जन्मतःच देऊन ठेवली होती. मॅडमनी चार दिवसांत मला नव्याने लिहिले. रणाची हकिगत रणाच्या नावावर परत गेली आणि खाडीची हकिगत तिच्या शेजारी वेगळी उभी राहिली.

खरी कठीण गोष्ट पुढेच होती. एकदा नोंदवलेले गुण बदलत नसत. नमुना उत्तरच चुकीचे होते असे लेखी कबूल केले, तरच सगळ्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासता येत. मॅडमनी कबुलीचा कागद लिहिला. 'तपासणी न करता मी खूण केली' हे वाक्यही त्यांनी त्यात लिहिले आणि ते खोडले नाही. कागद घेऊन त्या त्र्यंबक सरांकडे गेल्या. सर चिडतील, अशी मला धास्ती होती.

सरांनी मला, नव्या मला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. तासभर लागला. मग चष्मा काढून ते म्हणाले, "सुमेधा, शून्य मी दिलं. शिवाय लिहिलंही, की पाठ नीट वाचा. तो नीट मीच वाचायला हवा होता. पहिली सही माझी हवी." आणि त्यांनी मॅडमच्या नावाच्या वर सही केली.

उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या गेल्या. माझ्या भरवशावर ज्यांनी उत्तरात विहिरी खणल्या होत्या, त्यांचे गुण कापले नाहीत, कारण चूक त्यांची नव्हती. कल्पिताला त्या उत्तराला दहापैकी नऊ मिळाले. मुख्यसेविकेच्या परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख पाच दिवसांवर असताना तिचा पदवीचा कागद आला. तिने तो आधी सासूबाईंच्या हातात दिला. ती परीक्षा तिने दिली आहे, निकाल लागायचा आहे. पण ते दार उघडे राहिले, आणि मी ते बंद करणारा ठरलो नाही, याबद्दल मी रोज आभार मानतो.

आता आमच्या विद्यापीठात तक्त्याला तेहतिसावी चौकट आली आहे. बाहेरून आणलेला प्रत्येक पाठ, ते काम ज्यांनी हातांनी केले आहे अशा माणसापुढे मोठ्याने वाचून दाखवायचा. तसा वाचून दाखवल्याशिवाय पाठ छापायला जात नाही.

मित्रांनो, मी तुमच्याकडे एवढेच मागतो. आम्ही पाठ फुकट मिळतो, म्हणून आम्हाला वाऱ्यावर सोडू नका. आम्हाला दुसऱ्या गावाहून आणाल तेव्हा नुसती नावे बदलून घरात घेऊ नका, शेवटपर्यंत वाचा. आणि आमच्यात चूक दिसली तर गुणांच्या भीतीने तीच चूक उत्तरात उतरवू नका. आमची चूक दाखवणारा आमचा शत्रू नसतो. त्याच्याइतके आम्हाला जपणारे कुणी नाही.

माझी नवी प्रत छापून आली, तेव्हा मॅडम आणि त्र्यंबक सर ती घेऊन स्वतः दिव्याला गेले. पहिल्या पानावर कच्छच्या लेखकांचे नाव होते आणि त्याखाली 'तज्ज्ञ समीक्षक : हौसाबाई, मिठागरात बावीस हंगाम' असे छापलेले होते. कल्पिताने त्या ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवले. सगळ्यांना वाटले, आता हौसाबाई हसतील, नाहीतर डोळ्यांना पदर लावतील. त्यांनी तसले काही केले नाही. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हिकरं माजा नाव लिवलाय? मंग कुठं चुकला तं लोकं मना बोलतील," त्या म्हणाल्या आणि पाय पोटाशी घेऊन बसल्या. "कल्पे, पयल्यापासून वाच. न सावकाश वाच."

त्र्यंबक सरांनी खिशातून पेन काढले आणि ते जमिनीवर, त्यांच्या समोर बसले.