दगडांची लॉन्ड्री

शनिवारी दुपारी नवऱ्यानं किटलीत व्हिनेगर ओतलं आणि तेव्हापासून सोमवार उजाडेपर्यंत मी एका जागी धड बसले नाही.

किटलीच्या तळाशी पांढरा थर साचला होता. आमच्याकडच्या नळाच्या पाण्याचा तो जुनाच रोग आहे. महिन्याभरात किटली आतून चुना फासल्यासारखी दिसते. व्हिनेगर पडलं तसा थर फसफसला आणि नवरा खूश झाला. थोड्या वेळानं त्यानं आत बोट बुडवून चाखलं, कारण त्याला जगातली प्रत्येक गोष्ट चाखून बघायची खोड आहे.

"गंमत बघ," तो म्हणाला. "आंबटपणा पार गेला. चुन्यानं खाऊन टाकला."

मी हातातला कप खाली ठेवला.

मी खाणीच्या प्रयोगशाळेत दगड धुते. चेष्टा नाही, पगार त्याचाच मिळतो. खाणीतून कामाचा दगड निघतो मूठभर आणि बिनकामाचा निघतो डोंगरभर. त्या डोंगरातल्या काही दगडांवर सोनेरी ठिपके असतात. दिसायला सोनं, असतं लोखंड आणि गंधक. हवा-पाणी लागलं की त्यातून तेजाब, म्हणजे ॲसिड, सुटतं आणि ते दगडातलं शिसं, तांबं, आर्सेनिक विरघळवून पाण्यात आणतं. कुठला दगड असा उलटेल ते कळायला वेळ द्यावा लागतो. किलोभर चुरा नळकांड्यात भरायचा, तीन दिवस कोरडी हवा द्यायची, तीन दिवस दमट, आणि सातव्या दिवशी अर्धा लिटर डिस्टिल्ड पाण्यानं धुवायचा. खाली आलेलं पाणी किती आंबट ते मोजायचं. असं वीस आठवडे. दर बुधवारी मी बारा नळकांडी धुवायचे, म्हणून ऑफिसातले आमच्या खोलीला लॉन्ड्री म्हणतात. इस्त्रीचं विचारायलाही काहीजण डोकावतात. मला आता त्यावर हसू येत नाही.

पाचव्या आठवड्यात डिस्टिल्ड पाण्याच्या यंत्राची कॉइल जळाली. लॉन्ड्रीत माझ्याशिवाय एकच माणूस, मामा. भांडी आणि यंत्रं सांभाळतात, सगळ्यांचेच मामा आहेत. नवी कॉइल आज येईल, उद्या येईल असं चाललं होतं. बाहेरून कॅन मागवायचे तर साहेबांच्या सहीला आठवडा, आणि बुधवार चुकला असता तर आधीचे चार आठवडे पाण्यात गेले असते. मी नळाचं पाणी मोजून पाहिलं. सात आकडा आला, म्हणजे ना आंबट ना खारं.

"भरा नळाचं," मी मामांना म्हटलं. "एका आठवड्यानं काय होतंय?"

एकाचे सोळा झाले. फॉर्मवर 'डिस्टिल्ड पाणी' हे शब्द छापलेलेच असतात. मी त्यांच्याखाली सही ठोकत गेले.

पाणी आंबट नसलं म्हणून त्यात चुना नसतो असं नाही. हे मी कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकले होते, पेपरात लिहूनही आले होते. सोळा आठवडे दगड तेजाब सोडत असणार आणि माझंच पाणी ते गपगुमान गिळत असणार, आमच्या किटलीसारखं. शेवटच्या पानावर मी छातीठोकपणे लिहिलं होतं: दगड निरुपद्रवी.

या गोष्टीला सात महिने झाले होते. त्या दगडानं ताईच्या वस्तीच्या नव्या तळ्याची भिंत आणि तळ बांधून झाला होता. सोमवारी सकाळी नऊ वाजता तळ्यात पाणी सोडायचं होतं.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. तिच्या वस्तीच्या विहिरी खाणीनंच नासवल्या, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून टँकर. ताई एक दिवसाआड बादल्या घेऊन रांगेत उभी राहते आणि त्या रांगेत तिची कंबर गेली. खाणीनं भरपाई म्हणून तळं बांधून द्यायचं कबूल केलं, पण खाणीचाच दगड वापरायला वस्ती तयार होईना. तेव्हा तळ्याच्या कामावर देखरेख करणारे माझे भावजी सभेत उभे राहून म्हणाले होते, "माझ्या मेव्हणीनं स्वतः तपासलाय."

कुणीतरी मागून ओरडलं, "ती पिईल का हे पाणी?" मी विसाव्या आठवड्याची बाटली सोबत नेली होती. ताईनं पेला पुढे केला. "पी गं, दाखव यांना." मी पेला एका घोटात रिकामा केला. टाळ्या पडल्या. किती मिरवले होते मी त्या दिवशी, आठवलं की अजून कान तापतात.

रविवारी सकाळी लॉन्ड्री उघडली. मामांना फोन केला, ते चप्पल अडकवून तसेच आले. जुनी नळकांडी अजून स्टोअरमध्ये होती, कारण मामा काही टाकत नाहीत; फुटक्या थर्मामीटरांचंसुद्धा त्यांच्याकडे एक कपाट आहे. कॉइल नवी होती, डिस्टिल्ड पाणी भरपूर होतं. मी एक नळकांडं धुतलं. खालच्या बाटलीत पिवळसर पाणी जमलं. आकडा आला साडेतीन. सात महिन्यांचं साठलेलं असेल म्हणून पुन्हा धुतलं, पुन्हा साडेतीन. तिसऱ्यांदा तीन पूर्णांक सहा. मी खोलीत येरझाऱ्या घालत होते आणि मामा माझ्या वाटेतून स्टुलं बाजूला करत होते.

आंबटाचं एवढं काही नाही, संत्रंही तितकंच आंबट असतं. पण संत्र्यात शिसं नसतं. दुपारी मशीननं शिशाचा आकडा दिला तो पिण्याच्या मर्यादेच्या चाळीसपट होता.

"पाणी मी भरलं होतं, बाई," मामा म्हणाले. "तसं सांगा हवं तर. मला रिटायर व्हायला दोनच वर्षं राहिलीत."

"भरा म्हणाले ती मी."

"ते कुठं लिहिलंय?"

मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "तळं भरू दे. पाणी बिघडलं तर चुना टाकू. अहवाल मागे घ्यायचा म्हणजे पोरखेळ आहे का?"

"टाकलेला चुना संपतो, साहेब. भिंत संपत नाही."

"सोमवारी बोलू. लेखी काही देऊ नकोस."

घरी आले. जेवण गेलं नाही. मी खिडक्या पुसल्या, मग पुसलेल्याच पुन्हा पुसल्या. नवरा म्हणाला, नोकरी जाईल. मी म्हटलं, ठाऊक आहे. खरं सांगायचं तर नोकरीचं भय मला होतंच, पण त्याहून मोठं भय ताईचं होतं. साहेब ओरडून गप्प होतात. ताई ओरडत नाही.

सोमवारी साडेआठला तळ्यावर पोचले. कोरडं तळं सकाळच्या उन्हात सोनेरी ठिपक्यांनी चमचम करत होतं. बायका-पोरं भिंतीवर उभी राहून तेच कौतुकानं बघत होती. मला ते बघवेना. भावजी व्हॉल्व्हपाशी होते, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात व्हॉल्व्हची हातभर लांब किल्ली. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. कागद दाखवला, माझ्या हातानं लिहिलेला, सहीसकट.

त्यांचा चेहरा उतरला. "आत्ता? आत्ता सांगतेस हे?"

"मला शनिवारी कळलं."

"मी तुझं नाव घेऊन यांना तयार केलं. मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस तू." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, आज भरू दे. आठवडाभरात तुझे साहेब काहीतरी करतील. आज थांबवलं तर मला जिवंत सोडणार नाहीत हे लोक."

"आज संध्याकाळी हे लोक त्यातलंच पाणी भरतील, भावजी."

ते वळले आणि किल्ली व्हॉल्व्हवर बसवायला लागले. तेव्हा मी ओरडले. माझा आवाज फाटका आहे, पण भिंतीवरच्या सगळ्यांना ऐकू गेला. दगड वाईट आहे, चूक माझी आहे, चुकीच्या पाण्यानं धुतला, पाणी सोडू नका. तीन वाक्यांत सांगायचं ठरवलं होतं, सतरा झाली असतील. मध्येच मी बाटली वर धरली, पिवळं पाणी दिसावं म्हणून.

मग एकजण म्हणाला, "तेव्हा चांगला होता, आता वाईट आहे. यांचं कुठलं खरं धरायचं?" त्याचं काही चुकलं नव्हतं.

"खाणीला तळं द्यायचंच नसेल," दुसरा म्हणाला. "म्हणून हिला पाठवलं." लगेच गलका झाला. भावजींनी किल्ली पुन्हा उचलली. लोक "सोडा, सोडा" म्हणायला लागले.

गर्दीतून ताई पुढे आली, एक हात कमरेवर ठेवून, नेहमीसारखी. तिनं बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पी गं," ती म्हणाली. "दाखव यांना."

गलका थांबला. मी झाकण उघडलं. एक घोट घेऊन मी मेले नसते, हे मला ठाऊक होतं. पण हात वर जाईना. मी बाटली धरून तशीच उभी राहिले, सगळ्यांच्या देखत, आणि ताईच्या डोळ्यांत बघण्याची हिंमत होईना म्हणून तिच्या चपलांकडे बघत राहिले.

ताईनं थोडा वेळ वाट पाहिली. मग भावजींच्या हातातून किल्ली काढून घेतली आणि आपल्या पिशवीत घातली. पिशवीतून ती निम्मी बाहेर राहिली.

तिनं फोन लावला. "टँकर आजपासून बंद म्हणून सांगितलं होतं ना, ते राहू द्या. येत राहा." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ताईनं फोन कानापासून दूर धरला आणि त्या सकाळी पहिल्यांदा मला थेट विचारल्यासारखं विचारलं, "किती दिवस, असं विचारतोय."

लॉन्ड्रीत आम्हाला प्रत्येक प्रश्नाला आकडा द्यायची सवय असते. भिंत उकरायची, नवा दगड शोधायचा, तो धुवायचा, वीस आठवडे, कदाचित पन्नास. मी मनात जुळवायला लागले आणि थांबले.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

ताईनं फोन पुन्हा कानाला लावला. "तिला माहीत नाही म्हणते," ती म्हणाली. "हो, तपासणारीच. माझी बहीण."