पन्हाळा पँथर्सचं काय झालं

प्रसेनजीतने चहाचा ग्लास टेबलावर असा आपटला की अतुलच्या नेट कॅफेतला एक कीबोर्ड भिजला.

"साठ पॉइंटनी जिंकलोय मी! साठ!"

"मग पेढं वाट की," फडक्याने कीबोर्ड पुसत अतुल म्हणाला.

"तुझ्याच टीमला हरवलंय, गाढवा!"

"म्हाईत हाय की. चांगलं पाची गडी मीच बसवून ठेवलं. म्हटलं, जित्या आपला मानूस, त्याच्यासमोर कशाला तानायचं?"

प्रसेनजीतने, म्हणजे सगळ्यांच्या जित्याने, कपाळाला हात लावला. अशा माणसाला काय समजावणार?

हे सगळं २००३ सालचं. प्रसेनजीत शाहूपुरीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. अख्खं कोल्हापूर फुटबॉलसाठी घसा फोडत असताना याला शाळेपासून वेड बास्केटबॉलचं. उंची होती, पण पुढे खेळायला ना मैदान मिळालं ना टीम. मग इंटरनेटवर एक साइट सापडली. तिथे प्रत्येकाने एक खोटी टीम चालवायची. खेळाडू कॉम्प्युटरनेच जन्माला घातलेले, नावं अमेरिकन. कोणाला खेळवायचं, कोणाला बसवायचं, डावपेच कसे टाकायचे हे मालकाने ठरवून ठेवायचं. मॅच कॉम्प्युटर खेळणार, निकाल सकाळी. प्रसेनजीतच्या टीमचं नाव पन्हाळा पँथर्स. तिच्यात जेरोम नावाचा एक उंचाडा गडी होता. कोणी घेत नव्हतं तेव्हा प्रसेनजीतने त्याला उचललं होतं आणि चार वर्षं पोटच्या पोरासारखा वाढवला होता. आता तो लीगमधला सगळ्यात भारी खेळाडू होता.

पण साइटवर अशा आठ लीग होत्या, आणि कोणती लीग खरी तगडी यावरून जगभरची माणसं तिथे रोज भांडायची. शेवटी चालकांनी तुलनाच मांडली. मॅच किती अटीतटीच्या होतात, मालक लक्ष घालतात की नाही, दर वेळी एकच टीम जिंकते का, हे बघून आठही लीगना क्रम दिला. सीझन संपताना जी तळाला असेल ती बंद. शिवाय प्रत्येक लीगमधली शेवटची टीम मोडायची, तिचे खेळाडू बाकीच्यांना वाटायचे आणि मालकाने नवशिक्यांच्या लीगमध्ये शून्यापासून सुरुवात करायची. या दुसऱ्या नियमाच्या बाजूने प्रसेनजीतनेच साइटवर लांबलचक भाषण ठोकलं होतं. स्पर्धा म्हटली की कोणीतरी बाहेर गेलंच पाहिजे, असं. तो स्वतः दर वर्षी पहिला यायचा ना, मग बोलायला काय जातंय!

क्रम लागला तेव्हा त्याचीच लीग आठवी. निम्मे मालक कंटाळून निघून गेलेले, टीम बेवारस पडलेल्या. चार वर्षं आपण मोकळ्या मैदानात पळून पहिले येत होतो, हे त्याला तेव्हा कळलं आणि फार लागलं. लीग बंद म्हणजे पँथर्सही गेले. म्हणून त्याने हातापाया पडून माणसं गोळा केली. अतुल आला, मंगळवार पेठेतला टायरवाला बाळासो आला, क्लासमधले दोघे-तिघे आले, थोरली बहीण आक्कासुद्धा आली. सगळ्यांना एकेक बेवारस टीम दिली. आता कशी चुरस होईल बघा, म्हणून हा खूश.

चुरस कसली, डोंबलाची! बाळासोने आपला सगळ्यात चांगला गडी याला देऊन बदल्यात सगळ्यात रद्दी गडी घेतला. आक्काने दोन दिले. जाब विचारला तर म्हणाली, "धाकट्या भावाला नको म्हणू व्हय?" अतुलने तर मॅचच सोडून दिली. दोस्ताला हरवायचं हे त्यांच्या डोक्यातच शिरत नव्हतं. हा ओरडला की ते हसायचे आणि चहा मागवायचे. साइटवर परदेशी लोक टर उडवायला लागले, की या लीगमध्ये एक राजा आहे आणि बाकी सगळे त्याचे नोकर. प्रसेनजीतला रडू यायचं बाकी होतं.

त्या रविवारी तो फुटबॉल बघायला गेला. दोन पेठांची मॅच होती. शेजारी बाळासो बसला होता. समोरच्या टीमचा एक खेळाडू आपला सख्खा मेहुणा आहे हे विसरून तो त्याच्या नावाने बोंबलत होता. प्रसेनजीत मॅच सोडून त्याच्याकडेच बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने दोन कामं केली. फुकट मिळालेले गडी ज्याचे त्याला परत केले, आणि प्रत्येकाला आपल्या टीमला आपल्या पेठेचं नाव द्यायला लावलं.

बस्स. आग लागली. बाळासो दुकान पोराच्या गळ्यात टाकून कॅफेत बसायला लागला. बास्केटबॉलचे नियम विचारून विचारून त्याने अतुलला हैराण केलं. सकाळी निकाल बघायला कॅफेच्या दारात माणसं उभी राहायला लागली. पेठेचं नाव लावलंय म्हटल्यावर जित्या कोण आणि फित्या कोण! आक्काने तर सख्ख्या भावाला वीस पॉइंटनी लोळवलं आणि वर फोन करून जेवायला बोलावलं.

लीग वर चढत गेली. सातवी, पाचवी, तिसरी. आणि पँथर्स खाली घसरत गेले. त्यांच्याशी कोणी अदलाबदल करेना, सगळे टपून बसलेले. प्रसेनजीतने डोकं लावलं, डावपेच बदलले, जेरोमला दमेपर्यंत खेळवलं. तरी शेवटच्या मॅचपर्यंत टीम तळाशी येऊन टेकली. आता समोर बाळासो. हरलो तर पँथर्स मोडणार, आणि हा नियम त्याने दोस्तांना सांगितलाच नव्हता.

त्या संध्याकाळी बाळासो कॅफेत त्याच्याजवळ येऊन बसला. त्याला काहीतरी वास लागला असावा.

"जित्या, खरं सांग. उद्या तू हरलास तर काय हुतंय का?"

प्रसेनजीतच्या तोंडात शब्द आले होते. एक वाक्य बोलायचं, की बाळासोने पाचही गडी बसवले असते. आनंदाने बसवले असते, हाच तर वैताग होता.

"काय हुत न्हाई," तो चिडून म्हणाला. "नीट खेळ म्हंजे झालं."

सकाळी निकाल आला. पँथर्स दोन पॉइंटनी हरले. त्यांची लीग आठांत दुसरी आली. कॅफेत गुलाल उधळला, दोन कीबोर्ड कायमचे गेले. मग अतुलने पडद्यावर खालची ओळ वाचली. पन्हाळा पँथर्स मोडले होते.

"आरं, आधी सांगायचं न्हाईस व्हय?" बाळासो त्याच्या अंगावरच धावून गेला.

"सांगितलं असतं तर मुद्दाम हरला असतास!"

"हरलो असतोच की! त्यात काय?"

"तेच म्हणतोय मी चार महिने! तेच!" प्रसेनजीत ओरडला आणि चपला शोधत तडक बाहेर पडला. वाटेत डोळे का भरून येतायत म्हणून स्वतःवरच भडकला. खोटी टीम, खोटी माणसं, आणि याला रडायला येतंय.

आठवड्याने खेळाडूंची वाटणी झाली. दुपारी क्लासमध्ये बाळासोचा फोन आला. आवाज चोरासारखा.

"जित्या, तुझा तो जयराम माझ्या वाट्याला आलाय. पाठवून देऊ का तुझ्याकडं?"

"जेरोम! आणि दुसऱ्या लीगमध्ये गडी पाठवता येत न्हाई, कितींदा सांगू? आला तर आला. खेळव त्याला."

"मग बसवूनच ठिवतो. तुझा गडी मी कसा वापरू?"

प्रसेनजीतने फोन कानापासून लांब धरला. आपटावासा वाटला. मग परत कानाला लावला.

"बाळासो, ऐक. पहिल्या पाचांत ठेव त्याला. बसून त्याचं डोकं फिरतंय. आणि दमला की लगेच बाहेर काढ, डावा गुडघा कच्चा हाय त्याचा."